उद्या उजेडात बघतो

सुपडू, दुपारी जेवून ओट्यावर आडवा झालो की तू येतोस. रोज नाही, पण येतोस. खाडीच्या बाजूने येतोस, पाण्यावरून चालत, आणि पाणी तुझ्या पायाखाली आधी जांभळं होतं, मग मेंदीसारखं, मग राखाडी. हातात तळहाताएवढा कापडाचा तुकडा. दारातल्या उन्हात तो धरतोस आणि माझ्याकडे न बघता विचारतोस, "बोल भटू, पास का फेल?" मी तोंड उघडतो तेवढ्यात शेजारच्या विणकामाच्या खात्यातल्या लूम सुरू होतात आणि माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही. जाग येते तेव्हा ऊन कपाळापर्यंत चढलेलं असतं.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. मंडळाची पोरं आली होती. म्हणाली, भटूबाबा, सुपडूआप्पांवर तुम्ही लिहा, तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. जन्म कधीचा, गाव कोणतं, मागे कोण कोण, ते सगळं लिहा म्हणाली. मी म्हटलं, ते चौकातल्या बोर्डावर लावलंय, वाचून घ्या. मला चौथीपर्यंतचं लिहिता येतं, तेवढ्यात मी सुपडूशी बोलेन. लोकांना ऐकायचं असेल तर ऐकतील.

तर ऐक.

आपण दोघे खान्देशातून एकाच वयात निघालो आणि इकडे गुजरातेत लिंबायतच्या एकाच खोलीत पथारी टाकली. मी उधन्याला लूमवर लागलो, तू पलसाण्याला रंगाच्या कारखान्यात. मी विणायचो, तू रंगवायचास. त्यावरूनच आपलं आयुष्यभर भांडण. माझं म्हणणं, कापड म्हणजे धागा, रंग काय, वरून लावलेली पावडर. तुझं म्हणणं, कोरं कापड गुळचट खोटं बोलतं, त्यातला दोष रंगात घातल्याशिवाय कळत नाही. "तुमचं कापड आमच्याकडे येऊन नागडं होतं," असं तू चारचौघांत बोलायचास, आणि वैनी तुझ्यावर डोळे वटारायची.

पुढे तू तिथल्या लॅबमध्ये शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवायला बसलास. मास्तर झालास. एखादा तुकडा चांगला जमला की खिशात घालून आणायचास आणि चहाच्या लारीवर माझ्यासमोर धरायचास. मी तो उलटसुलट करायचो, नाकाजवळ न्यायचो, आणि म्हणायचो, "पिवयं मारस." म्हणजे थोडा पिवळट मारतोय. गुलाबी असो, करडा असो, मोरपंखी असो. एकदा शाईसारखा काळा आणलास, त्यालाही मी तेच म्हटलं. तू चिडायचास. "तुले काय कळस रे? धागा मोजणारा माणूस तू." हिरव्याला पिवळट म्हटलं तेव्हा तर तू अख्ख्या लारीला ऐकवलंस, "हिरव्यात पिवळा नसता तर तो निळा झाला असता, येड्या." लारीवाला गुजराती, पण त्यालाही ते पाठ झालं होतं. तू आलास की तोच मला विचारायचा, "काका, आजे पीळो छे?"

मी तुझी एकही शेड कधी पास केली नाही. दरवर्षी श्रावणात गल्लीत बसणाऱ्या कानबाई देवीचं लुगडं मी विणायचो आणि तू रंगवायचास. ते नेसवलेली कानबाई बघायला बायका दोन-दोन गल्ल्या ओलांडून यायच्या, तरी मी पास म्हटलं नाही. ते आपल्यातलं होतं. तुला पास म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तुकडा आणला नसतास.

म्हणून त्या सकाळी जे झालं ते झालं. लारीवर तू बाकड्यावर बसलास, ऊन थेट तोंडावर. मी बघितलं. म्हटलं, "सुपडू, तुना डोया पिवया दिसतस रे."

तू हसलास. कपातला चहा हिंदकळला इतका हसलास. "आता कापड संपलं, डोळ्यावर आला का?"

मी पुन्हा म्हटलं, खरंच दिसतायत. तू म्हणालास, "हो हो, माहीत आहे, मी पण पिवयं मारस." आणि लारीवालाही हसला. मग मलाही हसू आलं. घरात ट्यूबच्या उजेडात वैनीला काही दिसलं नव्हतं. तूच सांगायचास, ट्यूब पिवळा लपवते, शेड दाराबाहेर नेऊन बघावी. पुढच्या रविवारी सुनिता माहेरी आली, गच्चीवर कपडे वाळत घालताना तुझ्याकडे वळून बघितलं आणि हातातली चादर तशीच टाकून ओरडली, "पप्पा, तुम्ही पिवळे झालात." पोरीने म्हटल्यावर तू मानलंस.

दवाखान्यात तू दाक्तरांना जे सांगितलंस ते ऐकून ते लिहायचे थांबले. लघवी कडक चहासारखी, शौच खडूसारखं पांढुरकं, अंगाला खाज, आणि कातडी हळदीत बुडवून वाळवल्यासारखी. दाक्तरांनी कागदावर नळी काढून दाखवली. लिव्हरमध्ये पित्त बनतं, ते एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं, त्यानेच शौचाला रंग येतो. तुझी ती नळी एका ठिकाणी आवळली होती. पित्ताला वाट नाही, म्हणून ते रक्तात चाललं होतं. तू मान डोलावलीस. "म्हंजे रंग चुकीच्या टाकीत चाललाय." दाक्तर म्हणाले, बरोबर, आणि ती नळी कशाने आवळली ते शोधायचं. नुसत्या सुजेनेही आवळते. कॅन्सरनेही आवळते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं.

रक्ताची एक तपासणी केली, तिचा आकडा वाढलेला आला. मी म्हटलं, झालं, कळलं. दाक्तर म्हणाले, नाही, पित्त तुंबलं तरी हा आकडा वाढतो, एवढ्यावर कोणाचं पोट उघडता येत नाही. मग तुला झोपवून तोंडातून दुर्बीण घातली, पार त्या नळीपर्यंत. आवळलेल्या जागी दात घासायच्या ब्रशसारखा, पण सुईएवढा ब्रश फिरवला, त्याला जे चिकटलं ते काचेवर पुसून लॅबला दिलं. आणि पित्ताला वाट म्हणून काही दिवस नाकातून एक बारीक नळी काढून पिशवीला जोडली.

ती पिशवी मला अजून दिसते. पलंगाला टांगलेली, खिडकीतल्या उन्हात. तू तासन् तास तिच्याकडे बघत पडायचास. वैनीला किळस यायची, तिने वर रुमाल टाकला, तर तू तो काढायला लावलास. मला म्हणालास, "भटू, हा हिरवा बघ. आत सोनं आहे याच्या. असा खोल हिरवा मला जन्मात लागला नाही. पोटात घेऊन फिरत होतो, आणि बाहेर डबे उघडत बसलो."

मी म्हटलं, "पिवयं मारस."

तू नाकात नळी असताना हसलास आणि नर्सबाई मला रागावली.

नंतर ती पिशवी काढली, आत प्लास्टिकची छोटी नळी बसवली, आणि तुझा पिवळेपणा उतरायला लागला. कपडा धुतल्यासारखा रोज थोडा. आणि काचेचा रिपोर्ट आला. हो पण नाही, नाही पण नाही. काही पेशी वेगळ्या दिसतात, नक्की सांगता येत नाही, असा.

दाक्तरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, फोटो बघता संशय मोठा आहे, आत्ताच ऑपरेशन करू. मोठं असतं ते, लिव्हरचा भाग काढावा लागतो, तुमच्या वयात सोपं नाही, आणि नंतर ती नुसती सूज निघाली असंही होतं. दुसरी, थोडं थांबू, नळी बदलताना पुन्हा ब्रश फिरवू, चिमट्याने तुकडाही घेऊ, आणि एक वेगळी तपासणी करू. ठरवा म्हणाले.

बाहेरच्या बाकड्यावर आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही, सुपडू.

मी म्हटलं, "थांबायचं नाही. तार तुटली की लूम थांबवतात, आणि हात घालतात. तार तुटलीच आहे का याची चौकशी करत बसलो तर तेवढ्यात वारभर कापड खराब होतं."

तू म्हणालास, "शेड पास झाल्याशिवाय मी लॉट लावत नाही."

"हे पोट आहे तुझं. लॉट नाही."

"म्हणूनच. आधी छोटा तुकडा रंगवतो आम्ही. वाळू देतो. ट्यूबखाली बघतो, उन्हात बघतो. पार्टीने हो म्हटलं की मगच अख्खा माल सोडतो. घाईत सोडला तर रंग परत काढता येत नाही, भटू. आणि कापलेलं लिव्हर परत लागत नाही."

"आणि तोवर ते पसरलं तर?"

"आणि नसलंच तर?"

सुनिता मध्ये बसून रडत होती आणि आपण दोघे म्हातारे आपापल्या कारखान्याचे नियम एकमेकांच्या तोंडावर मारत होतो. शेवटी ती म्हणाली, "काका, पप्पा, बस करो हवे. जेनी काच छे एने पूछो." जिची काच आहे तिला विचारा. पोरगी रडतानाही गुजरातीत रडते.

लॅबमधल्या बेन तरुण होत्या, चष्म्यातून हळू बोलणाऱ्या. तू त्यांना म्हणालास, "बेन, मी रंगाच्या लॅबमधला आहे. माझा माल मला बघू द्या." त्यांनी खुर्ची दिली. पडद्यावर तुझ्या पेशी मोठ्या करून दाखवल्या. ते मी कसं सांगू. काळोख्या खोलीत तो पडदा म्हणजे गच्चीवरून दिसणारं संक्रांतीचं, पतंगांचं आभाळ. निळे, जांभळे गोळे, भोवती फिकट हिरवं, कुठे नारिंगी. तू पुढे वाकलास. "हे रंगवलं कोणी?"

"मीच," त्या म्हणाल्या. "पेशीला स्वतःचा रंग नसतो, काका. रंगवल्याशिवाय काही दिसत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मला कळलं. चाळीस वर्षांच्या भांडणात तुला साक्षीदार मिळाला होता, आणि तोही एसी लावलेल्या खोलीत.

मी विचारलं, "एवढं दिसतंय तर हो का नाही ते का सांगता येत नाही?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ब्रश वरवर फिरतो. ती जागा कडक असते, आजार कधी खाली दडलेला असतो, ब्रशला चार-दोनच पेशी लागतात. काच हो म्हणाली तर बहुतेक ते खरं असतं. पण नाही म्हणाली, किंवा गप्प राहिली, तर त्यावर विसंबता येत नाही.

मग दुसऱ्या तपासणीचं सांगितलं. प्रत्येक पेशीच्या आत धागे असतात म्हणाल्या, जोडीजोडीने. त्यांतल्या ठरावीक धाग्यांना चमकणारा रंग चिकटवायचा, लाल, हिरवा, निळसर, सोनेरी, आणि काळोखात बघायचं. चांगल्या पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके. बिघडलेल्या पेशीत जास्त. त्यांनी दुसऱ्या कोणाचं चित्र दाखवलं. काळ्या मखमलीवर कोणी रंगीत खडे सांडलेत असं. एका पेशीत जोड्या. शेजारच्या पेशीत गर्दी.

धागा म्हटल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. फणीच्या एका घरात एकाऐवजी जादा तार शिरली की पूर्ण थानात, अख्ख्या ताग्यात, रेघ पडते, ते मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, "म्हंजे डबल तार." त्या म्हणाल्या, "तसंच समजा, काका." तू म्हणालास, "पण दिसते रंगाने." मी म्हटलं, "पण बिघडतो धागा." बेन हसायला लागल्या. त्या खोलीतून बाहेरच येऊ नये असं मला वाटलं. आपण दोघे, तुझा रंग, माझा धागा, आणि काळोखात ते ठिपके. कॅन्सर आहे का नाही हे विचारायला आलो होतो, ते थोडा वेळ दाराबाहेर उभं होतं.

तू थांबायचं ठरवलंस.

ते थांबायचे दिवस. मी त्यांच्यावर रुसून बसलो होतो, आणि ते दिवस माझ्याकडे न बघता चालले होते. तू आपल्या मूळच्या रंगावर आलास. भूक लागायला लागली, वैनीने कळण्याची भाकरी केली, तू मिरचीचा ठेचा मागितलास. संध्याकाळी आपण खाडीपर्यंत जायचो. पाणी बघून तू सांगायचास, आज कुठल्यातरी कारखान्यातून नेव्ही ब्लू सुटला आहे. वारा आला की तू डोळे मिटून उभा राहायचास. मध्येच पलसाण्याला जाऊन यायचास, त्यांनी तुझी खुर्ची ठेवली होती. मी विचारायचो, तिथे काय ठेवलंय तुझं आता? तू म्हणायचास, "एक शेड लागत नाहीये." मी म्हणायचो, दिवस वाया घालवतोयस. तू चपला सरकवून निघायचास.

मग पुन्हा दुर्बीण, पुन्हा ब्रश, या वेळी आत कॅमेरा सोडून चिमट्याने तुकडाही घेतला. रिपोर्ट एकाच दिवशी आले. तुकडा हो म्हणाला. ठिपकेही हो म्हणाले. बेननी तुझ्याच पेशीचं चित्र सुनिताच्या मोबाइलवर दिलं, कारण तू मागितलं होतंस. ठिपक्यांची नुसती गर्दी. तू मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितलास आणि म्हणालास, "शेड चांगली लागलीये बेनची." मग म्हणालास, "झाली पास. लावा लॉट."

पण ऑपरेशनआधीच्या फोटोत ते लिव्हरमध्ये पुढे गेलेलं दिसलं. दाक्तरांनी ऑपरेशनचं नाव घेणं सोडलं.

मी दाक्तरांना एकट्याने गाठून विचारलं, आधीच कापलं असतं तर? ते म्हणाले, बाबा, तेव्हाही आत डोळ्याला न दिसणारं असू शकलं असतं, नक्की कोणीच सांगू शकत नाही. म्हणजे काचेसारखंच दाक्तरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. मी तुला येऊन म्हटलं, "बघ, तार तुटली तेव्हाच हात घालायला पाहिजे होता." तू म्हणालास, "आणि सूज निघाली असती तर तूच म्हणाला असतास, सुपडूने फुकट पोट फाडून घेतलं." मी म्हटलं, नसतं म्हटलं. तू म्हणालास, म्हटलं असतंस.

म्हटलं असतं, बहुतेक. पण तरीही हात घालायला पाहिजे होता. तू गेलास म्हणून मी तुझी बाजू घेणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

शेवटच्या संध्याकाळी मी आलो तेव्हा नळी पुन्हा तुंबलेली, तू पुन्हा हळदीत बुडालेला. ट्यूब लागलेली होती. मला वाटलं तू झोपलायस. तू उशीखालून कापडाचा तुकडा काढलास. माझंच कापड, वीण मी ओळखली. कानबाईच्या लुगड्यासाठी मी दिलेल्या कापडातला तुकडा. हिरवा रंगवलेला.

"लागली एकदाची," तू म्हणालास. "बोल. पास का फेल?"

मी तो ट्यूबखाली धरला. तोंडापर्यंत नेहमीचं आलं होतं. आणि तुझ्या डोळ्यांकडे बघितलं, तर ते मी परत आत ढकललं. मी म्हटलं, "ट्यूबमध्ये काय कळतंय. उद्या उजेडात बघतो."

तू समाधानाने मान हलवलीस. तुझाच नियम होता तो. "हा. उजेडात बघ," म्हणालास.

उजाडायच्या आत तू गेलास.

तेव्हापासून तो तुकडा माझ्या बंडीच्या खिशात आहे. लोक आले, बसले, उठले, दहावं झालं, तेरावं झालं, मी तो बाहेर काढला नाही. तू झोपेत येऊन विचारतोस आणि लूमच्या आवाजात माझं बोलणं हरवतं, म्हणून आज ठरवलं. आज खात्यांना सुट्टी आहे. गल्ली इतकी शांत की कबुतराचे पाय पत्र्यावर वाजतात. सकाळी लारीवर गेलो, तुझ्या जागी बसलो, ऊन थेट तोंडावर. खिशातून तुकडा काढला आणि धरला.

लारीवाल्याने किटली खाली ठेवली. तोही तुकड्याकडे वाकला.

मी तो ओळखला, सुपडू. आत सोनं असलेला खोल हिरवा. पलंगाला टांगलेला, खिडकीतल्या उन्हातला. तू पलसाण्याला का जात होतास, कोणती शेड लागत नव्हती, ते दिवस कुठे गेले, सगळं त्या तळहाताएवढ्या तुकड्यात होतं. कुठून आणलास ते मी कानबाईला सांगणार नाही, आणि गल्लीतल्या बायकांना तर मुळीच नाही.

यंदाच्या कानबाईचं कापड विणून तयार आहे. सुनिताने तुझ्या कारखान्यातल्या माणसांशी बोलून ठेवलंय, ते तुझ्याच मापाने रंगवून देतो म्हणाले, फक्त तुकडा पास झाला का तेवढं कळवा म्हणाले.

मी उलटसुलट केला. नाकाजवळ नेला. उन्हात पुन्हा एकदा धरला.

थोडं पिवयं मारस.

ऱ्हावू दे. लाव लॉट.